वन्संचे गुरुवार

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. गणपतीचा एक डोळा आखून झाला, की दुसरा पुरा होईपर्यंत आखणाऱ्याला कुणी हाक मारायची नाही. दारात गिऱ्हाईक येवो, नाहीतर मुंबईचं अख्खं मंडळ येवो, थांबायचं. एका डोळ्याची मूर्ती ठेवून उठायचं नाही. पेणमधल्या सगळ्याच कारखान्यांत असं असेल असं नाही, पण आमच्याकडे आहे आणि तो नियम कुणी मोडलेला मला आठवत नाही. त्या गुरुवारी सकाळी मी एका दीड फुटी मूर्तीचा डावा डोळा संपवला, ब्रश पुसला, आणि दारात दिलीप येऊन उभा राहिलेला दिसला. दिलीप म्हणजे माझा नवरा. एरवी तो बोलत बोलतच आत शिरतो. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबला, हातात फोन. मला वाटलं, रंगाचा टेम्पो अडकला असेल. मी उजवा डोळा आखायला घेतला. पापणीची रेघ, बुबुळ, बुबुळातला पांढरा ठिपका... सगळं सावकाश, नेहमीसारखं. ब्रश पाण्यात टाकल्यावर तो म्हणाला, "वैशाली, हात धू. आक्का गेली."

नंतर रोह्याला जाताना मी त्याला विचारलं, की एवढा वेळ तू तसाच उभा कसा राहिलास? तो म्हणाला, "सुतक कळल्यापासून लागतं. मला लागलं होतं म्हणून आत आलो नाही. तुला अजून कळलं नव्हतं. एक डोळा तसाच राहिला असता, तर आक्कानंच वरून शिव्या घातल्या असत्या." हे शास्त्रात बसतं की नाही मला माहीत नाही. सख्ख्या बहिणीच्या जाण्याची बातमी एकट्यानं उराशी धरून तो माझा हात थांबण्याची वाट बघत उभा राहिला, एवढं मला कळतं. आणि माझ्या हातात तो ब्रश होता तोच मुळी जिच्यामुळे, तिचीच ती बातमी होती. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे ते त्यासाठी. रडगाणं गाणार नाही, वन्संना ते कधीच खपलं नाही.

वन्सं म्हणजे लीलाबाई, दिलीपची थोरली बहीण. रोह्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन. नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगा. त्या मशीनवर त्यांनी मुलाला शिकवलं, धाटावच्या कंपनीत चिकटवलं, त्याचं लग्न केलं. निम्म्या रोह्याचे ब्लाउज त्यांच्या हातचे. जीभ मात्र कात्रीपेक्षा धारदार. माझ्या लग्नात मांडवातच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "हा ब्लाउज कुणी शिवला गो? काखेत ओढतोय बघ." दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला बसायच्या आधी त्यांनी तो उसवून परत शिवून दिला. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर ब्लाउज त्यानंतरच नीट बसला. आमचं नातं पुढे कायम असंच राहिलं. आधी राग यायचा, मग पटायचं.

ही भावंडं मूळची पेणच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. माझ्या सासऱ्यांना मी पाहिलं नाही. उभा जन्म त्यांनी पांढऱ्या मिठावरच्या उन्हात काढला आणि शेवटची काही वर्षं त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. वन्सं तेव्हा लहान होत्या. बापाचा हात धरून त्याला बांधावरून न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. "मिठानं बापाचे डोळे खाल्ले," असं त्या म्हणत. डॉक्टर कदाचित वेगळं काही म्हणाले असते, पण डॉक्टरकडे कुणी नेलंच नव्हतं. वयापरत्वे होतं, दैवात असतं, असं म्हणून सगळे बसून राहिले. दिलीप पोरवयात पेणला कारखान्यात कामाला लागला, पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढला. मी लग्न होऊन आले, शाडूत हात घालायला शिकले, रंग शिकले, आणि कशी कोण जाणे, आखणी माझ्या हाताला बसली. मूर्ती कितीही देखणी असो, डोळे चुकले की ती माती राहते. आमच्या मूर्तींचे डोळे बघून लोक परत येऊ लागले तेव्हा वन्सं रोह्यात सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमच्या भावजयीचा हात हाय तो." मला तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत.

माझा डोळा पहिल्यांदा लाल झाला तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. रंगाची धूळ गेली असेल, डोळे आले असतील. मेडिकलमधून थेंब आणून घातले. चार दिवसांनी बरं वाटलं, महिन्याभरात पुन्हा तेच, मग दोन्ही डोळ्यांना. उजेड सहन होईना. डोळ्यांपुढे काळे तुकडे पोहत राहायचे, आणि आत खोल कुठेतरी ठणका. आखणी करताना एका रेघेच्या दोन दिसू लागल्या तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. पेणच्या डॉक्टरांनी बघितलं आणि थेट मुंबईच्या डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे कळलं, की याला युव्हिआयटिस म्हणतात. डोळ्याच्या मधल्या थराला सूज येते, आणि माझ्या बाबतीत ती सूज बाहेरच्या कुठल्या जंतूमुळे नव्हती. शरीराचीच राखण करणारी शक्ती वाट चुकून डोळ्यावर उलटली होती. थेंब सुरू झाले, मग स्टेरॉइडच्या गोळ्या. गोळ्या घेतल्या की डोळा शांत, कमी केल्या की पुन्हा उफाळून वर. त्यात दोन वर्षं गेली. तोंड सुजून भोपळा झालं, साखर वाढली, डोळ्यातला दाब वाढला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते मी आरशात रोज बघत होते. वन्संनी माझे सगळे ब्लाउज उसवून सैल केले, न सांगता, न विचारता.

त्या काळात आखणी दिलीपनेच केली. तो चांगला कारागीर आहे, पण नेहमीची गिऱ्हाइकं मूर्ती हातात घेऊन म्हणायची, "यंदा डोळे वेगळे वाटतात नाही?" मी आतल्या खोलीत, खिडकीला काळा कपडा लावून, हे ऐकत पडलेली. शेजारची एक बाई समाचाराला आली आणि म्हणाली, "देवाचे डोळे उघडता उघडता तुझे मिटत चाललेत, बघ. देवाचं देणं कुणाला चुकत नाय." वन्सं नेमक्या तेव्हा रोह्याहून आलेल्या होत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "देवाला काय दुसरा धंदा नाय काय गो? त्याचं काम करणारणीचेच डोळे काढून घेईल तो? पुढच्या वर्षी तुझ्या घरी कुठला गणपती आणशील, आंधळा?" बाई उठून गेली ती परत आली नाही. मला मात्र कित्येक महिन्यांनी त्या दिवशी हसू आलं.

मग एकदा तपासणीत मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की स्टेरॉइडवर आता असं फार काळ चालवता येणार नाही, आपण बायॉलॉजिक सुरू करू. सूज पेटवणारा जो पदार्थ शरीर तयार करतं, नेमका तोच अडवणारं औषध. एकाआड एका आठवड्याला इंजेक्शन, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. पण राखण सैल होते, म्हणजे दुसरे आजार शिरायची भीती. आधी क्षयाची तपासणी, छातीचा फोटो, रक्ताच्या तपासण्या. ताप असला तर डोस घ्यायचा नाही, डॉक्टरला विचारायचं. दिलीप एक एक धोका ऐकत पांढरा पडत चालला होता. बरोबर वन्सं होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे घरचा बैल उभं पीक खातोय. त्याला मारायचं नाय, मुसकं बांधायचं. असंच ना?" डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "अगदी असंच. फक्त मुसकं आहे तोवर लांडग्यावर लक्ष ठेवायला लागेल." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "मलापण वाटते. पण बापाचे डोळे जाताना आम्ही सगळी बघत बसलो. तुझे बघत बसायचे नायत." त्या दिवशी ठरलं. खर्चाचं कसं उभं राहिलं, इस्पितळाची मदत किती आणि घरचं किती, ते त्या दोघा भावंडांनी मला कधी कळू दिलं नाही.

पुढचा प्रश्न, टोचणार कोण? पहिला डोस इस्पितळात झाला, पुढचे घरी. दिलीपला तिथेच भोवळ आली. गणपतीचे मोठमोठे हात-पाय जोडणारा माणूस, सुई बघून भिंतीला टेकला. माझं म्हणाल तर मी सुई निघण्याआधीच डोळे घट्ट मिटून घेणारी. वन्सं नर्सबाईंना म्हणाल्या, "मला दाखवा. चाळीस वर्षं सुईच धरलेय." नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, हे कापड नाहीये." "कापडापेक्षा सोपं असेल. कापड सरकतं, ही कुठे सरकतेय?" त्यांना एका मोसंब्यावर शिकवलं. कातडी चिमटीत कशी धरायची, सिरिंज किती तिरकी, किती सावकाश दाबायची. त्यांनी एकदाच बघितलं आणि दुसऱ्यांदा करून दाखवलं. मोसंबं मग पिशवीत टाकून घरी आणलं. फेकायचं कशाला, म्हणाल्या, पण ते खाल्लं मात्र कुणी नाही.

औषध पनवेलच्या एका दुकानात मिळायचं. वन्संना नाहीतरी अस्तर, हुक, काजाचा दोरा आणायला पनवेलला जावंच लागायचं. त्यांनी ठरवून टाकलं, की एकाआड एका गुरुवारी सकाळच्या गाडीनं रोह्याहून पनवेल, तिथून औषध घेऊन दुपारी पेण, मला टोचून संध्याकाळच्या गाडीनं परत रोहा. मी म्हटलं, इतकी दगदग कशाला, इथल्या दवाखान्यात टोचून घेईन. "दवाखान्यात खोकणारी माणसं बसलेली असतात. तुला मुसकं बांधलंय ना? मग?"

आणि पहिल्याच खेपेला ती गोष्ट घडली. दुकानदारानं औषध थर्माकोलच्या डब्यात, सोबत एक गार पिशवी घालून दिलं होतं. दिवस एप्रिलचे. वन्संनी ती एवढीशी पिशवी बघितली आणि त्यांना दुकानदाराची कीव आली. एवढ्यानं काय गार राहणार? मिठागरात जन्मलेली, मासळी खाऊन वाढलेली बाई. गार ठेवायचं म्हणजे कसं, हे तिला कोण शिकवणार? त्या मासळी बाजारात गेल्या, ओळखीच्या कोळणीकडून चुरलेला बर्फ घेतला आणि वर मूठभर खडेमीठ मारलं. मीठ मारलं की बर्फ जास्त गार होतो आणि पापलेट घरी पोचेपर्यंत जसंच्या तसं राहतं, हे त्या बापाकडून शिकलेल्या. डब्यात बर्फ, बर्फात औषध, वर फडकं घट्ट बांधलेलं. पेणच्या अलीकडे गाडी अर्धा तास उभी राहिली तरी यांना काळजी नाही. घरात शिरल्या त्या विजयी मुद्रेनं. "बघ, कसं गार ठेवलंय. दुकानदाराच्या बापाला जमलं नसतं." फडकं सोडलं. सिरिंजमधलं पाणी दगड झालं होतं.

दिलीपनं खोक्यातला कागद वाचला आणि इस्पितळात फोन लावला. पलीकडून सांगितलं, गोठलेलं औषध वापरायचं नाही, वितळलं तरी नाही, टाकून द्या, दुसरं घ्या. फ्रिजमधला गारवा पुरे असतो, बर्फाला थेट लावायचं नसतं. वन्सं उभ्या होत्या त्या खाली बसल्या. मी तांदळाची भाकरी आणि कालवण पुढे ठेवलं, त्यांनी हात लावला नाही. मग म्हणाल्या, "आधी बापाचे डोळे मिठानं खाल्ले, आता मी तुझ्यावर मीठ घेऊन आले..." मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं त्या गेल्या नाहीत. रात्री आमच्याकडेच झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी मला जाग यायच्या आत परत पनवेलला निघून गेल्या. दुपारी नवीन डबा घेऊन आल्या, तो मांडीवर ठेवून, दुकानदारानं दिला तसाच, आत बोटसुद्धा न घालता. इंजेक्शन एका दिवसानं उशिरा झालं. त्यानं काही बिघडलं नाही, पण पुढचे पंधरा दिवस त्या रोज फोन करून विचारत होत्या, "लाल नाय ना झाला?"

मला त्यांचं मोठेपण कळलं ते यानंतर. दुसरं कुणी असतं तर ही गोष्ट झाकून टाकली असती, आणि आम्ही कुणी तोंड उघडलं नसतं. वन्संनी ती गावभर केली. पुढच्या तपासणीला इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या, शेजारची बाई औषधाचा डबा घेऊन बसलेली दिसली, की यांचं सुरू. "बर्फात ठेवू नको गो. मी मीठसुद्धा मारलं होतं, दगड झाला त्याचा." कुणी संधिवाताचा रुग्ण, कुणी पोटाच्या आजाराचा, यांना काय, गार डबा दिसला की पुरे. नर्सबाईंनीच मग नवीन माणसं आली की यांना हाक मारायला सुरुवात केली, "मावशी, तुमची गोष्ट सांगा यांना." एकदा परत येताना मी म्हटलं, "वन्सं, जाऊ द्या ना आता, किती वेळा सांगाल?" तर म्हणाल्या, "एवढी महागामोलाची चूक केलेय, एकटीनं ठेवून काय करू तिचं? वाटून टाकते आपली." कितीजणांचं औषध त्यामुळे वाचलं असेल, देव जाणे. स्वतः मात्र पुढे दुधानं तोंड पोळल्यासारख्या, त्या डब्यात एक थर्मामीटर ठेवून फिरायच्या आणि गाडीत दर स्टेशनाला झाकण किलकिलं करून बघायच्या.

औषध पहिल्याच आठवड्यात लागू पडलं असं नाही. हळूहळू ठणका कमी झाला. मग खिडकीचा काळा कपडा अर्धा वर गेला, मग पुरा. गोळ्या एकेक करून उतरत गेल्या, तोंडावरची सूज उतरली आणि वन्संनी सैल केलेले ब्लाउज पुन्हा आत घेतले, कुरकुरत, "एकदा काय ते ठरव गो." एका गुरुवारी त्या टोचत असताना मी नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत, सुईकडे न बघता त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. तर्जनीच्या टोकावर बारीक बारीक टोचल्याच्या खुणा, चाळणीसारख्या, एकेक वेगळी दिसली. इतक्या वर्षांत ते बोट मी हजारदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पाहिलं तसं कधीच नाही.

पुन्हा आखणीला बसले तो दिवसही गुरुवारच होता. दिलीपनं लहानशी मूर्ती पुढ्यात ठेवली. डोळे काढून झाले की आमच्याकडे एक परीक्षा असते. समोर माणूस उभा करायचा, त्यानं डावीकडे सरायचं, उजवीकडे सरायचं, आणि कुठेही उभं राहिलं तरी गणपती आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. वन्सं उभ्या राहिल्या, सरकल्या, मान तिरकी केली. "माझ्याकडे नाय बघत." मग म्हणाल्या, "माझ्या पिशवीकडे बघतोय. पिशवीत बोंबील हायत, त्याला कळलं वाटतं." सगळा कारखाना हसला. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. रंग ओला होता, मी बुबुळ पुसलं आणि पुन्हा काढलं, केसाएवढं आत. वन्सं परत उभ्या राहिल्या. या खेपेला दोन्हीकडे दोनदा सरकून बघितलं. मग पिशवी उचलली, गाडीची वेळ झाली म्हणाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "बघतोय." बस्स, एवढंच. त्यानंतरचे सगळे सीझन मी त्या एका शब्दावर काढले आहेत.

गेल्या तीन-चार वर्षांत आमचे गुरुवार असे ठरून गेले होते. आल्या आल्या पहिला प्रश्न, "ताप? खोकला?" एकदा मला कणकण होती आणि मी लपवली. त्यांनी कपाळाला हात लावला, डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवला आणि डॉक्टरला फोन करून आठवड्यानं परत आल्या. मला बोलल्या ते मात्र इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या गुरुवारी त्या थकलेल्या दिसल्या. हात स्थिर होता, पण जिना चढताना थांबल्या. टोचून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या खेपेचा डबा आजच आणून ठेवलाय फ्रिजमध्ये. आता तू स्वतः शिक गो." मी म्हटलं, "तुम्ही आहात की." "मी काय अमरपट्टा बांधून आलेय?" आम्ही दोघी हसलो. पुढच्या खेपेच्या गुरुवारी सकाळी पनवेलला जायची गरज नव्हती, म्हणून त्या दुपारच्या गाडीनं यायच्या होत्या. आंघोळ करून चहा घेता घेता छातीत कळ आली म्हणाल्या, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

कुंडलिका नदीच्या काठी सगळं उरकलं. तीन दिवस आम्ही रोह्यालाच होतो. निघताना वन्संची सून अर्चना एक घडी केलेलं पांढरं अस्तराचं कापड घेऊन आली. "मामी, हे तुमचं ना?" मी उलगडलं. कापडभर सुया टोचलेल्या होत्या, रांगांनी, प्रत्येक सुईत दोरा ओवलेला. मी ओळखलं. दर खेपेला इंजेक्शन झालं, कापूस दाबून धरला, की वन्सं पिशवीतून सुई-दोरा काढायच्या. "मला आता दिसत नाय गो, एवढी ओवून दे." साठी उलटलेली बाई, असेलही, असं मला वाटायचं. उलट बरं वाटायचं, की आपण यांच्या काहीतरी उपयोगी पडतो. सुरुवातीला दाभण असायचं आणि गोधडीचा जाड दोरा. मग सुया बारीक होत गेल्या. अर्चना म्हणाली, "लाईट गेली तरी आई अंधारात सुई ओवायच्या. या सुयांना मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकदा बटण लावायला मी यातली एक घेतली तर ओरडल्या, ठेव, ती वैशालीची हाय." मी पुन्हा कापडाकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या रांगेत दोन दाभणं रिकामी होती. ती मला ओवता आली नव्हती. आठवलं मला, मी थकून परत दिली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, राहू दे, घाई नाय. तीही त्यांनी जपून टोचून ठेवली होती. खाली येता येता दोरे बारीक, अधिक बारीक, आणि शेवटची सुई तर अशी, की नीट धरल्याशिवाय दिसू नये.

पेणला परतलो त्याच संध्याकाळी फ्रिज उघडला. इस्पितळातून सांगितलं होतं, राहिलेला डोस लवकर घ्या. दिलीप म्हणाला, दवाखान्यात जाऊ या, मी बरोबर येतो. मी नको म्हटलं. ताप नाही, खोकला नाही, हे स्वतःलाच विचारून घेतलं. सिरिंज टेबलावर ठेवली, तिचा गारठा जाईपर्यंत बसून राहिले. दिलीप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चिमटीत कातडी धरली. डोळे उघडे ठेवले, सुई आत जाताना पाहिली, सावकाश दाबली, काढली. कापूस दाबून धरला. मग ते कापड मांडीवर पसरलं, शेवटच्या सुईच्या खाली भरपूर जागा उरली आहे. माझ्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली आणि एकपदरी काळा दोरा. संध्याकाळचा उजेड उतरत चालला होता, दिलीप दिवा लावायला उठला, मी त्याला थांब म्हटलं. दोरा पहिल्याच खेपेला गेला.